लेखक कोशात गेला

पुस्तकांच्या दुकानात लेखक ओळखणं फारसं अवघड नाही. कवितासंग्रह विकत घेणारा माणूस सहसा त्या कवीचा मेहुणा असतो. कादंबरी घेणारा साधा वाचक असतो. आणि कोशाचे जाडजूड खंड पोटाशी धरून, कमरेतून मागे कलत, काउंटरपर्यंत येऊन पोचणारा जो कोणी असतो, तो हमखास लेखक होऊ घातलेला असतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात वह्या-पुस्तकांसाठी उसळलेल्या पालकांच्या गर्दीतसुद्धा तो उठून दिसतो. पालकांच्या चेहऱ्यावर खर्चाची चिंता असते, याच्या चेहऱ्यावर मराठी साहित्याची.

घरी आल्यावर खंड कुठे ठेवायचे यावर खल होतो. लिहिण्याच्या टेबलाशेजारी ठेवणं सोयीचं, हे त्यालाही कळतं. पण ते ठेवले जातात हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे. कारण पुढेमागे मुलाखत होणार, फोटो निघणार, आणि मराठी लेखकाचा फोटो कोशांच्या पाठकण्यांशिवाय निघत नाही. मी असे फोटो बारकाईने बघत आलो आहे. पहिला आणि दुसरा खंड किंचित मळलेला, बाकीचे कोरे करकरीत. माणूस 'क' पर्यंत जाऊन परत आला, हे फोटोवरूनसुद्धा कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की लेखक संदर्भग्रंथ घेतो लिहिता यावं म्हणून, आणि उघडतो लिहावं लागू नये म्हणून. यात मी कोणाला दोष देत नाही. लिहिणं टाळण्याचे जितके मार्ग आहेत, त्यांत पेन्सिलीला टोक काढणं, चहा करणं आणि टेबल आवरणं यांपेक्षा कोश उघडणं पुष्कळ प्रतिष्ठेचं आहे. घरातली माणसंसुद्धा "काम चाललंय" म्हणून आवाज बारीक करतात.

बहुतेकांची सुरुवात शुद्धलेखनापासून होते, आणि तीही पहिली कथा परत आल्यावर. संपादकाने कथेतल्या आशयाबद्दल चकार शब्द काढलेला नसतो. फक्त ऱ्हस्व-दीर्घांना लाल गोल केलेले असतात. मग कळतं की मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यात आणखी चारांची भर घातली. एकूण अठरा. पुराणं अठरा, गीतेचे अध्याय अठरा, महाभारताची पर्वं अठरा, दोन्हीकडचं मिळून सैन्य अठरा अक्षौहिणी. अशा अठरांच्या, चौदांच्या, चौसष्टांच्या जमावासाठी श्री. शा. हणमंते यांचा संकेतकोश आहे, तो जरूर चाळावा. आकड्यागणिक काय काय जमा झालंय हे बघता बघता दुपार जाते. अठरा विश्वे दारिद्र्य मात्र कोशात शोधायची गरज नाही. लेखकाला ते पाठ असतं.

मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' घ्यायला गेलात तर दुकानदार विचारतो, "कुठल्या पोस्टची तयारी?" कारण या पुस्तकाचा खरा वाचक स्पर्धा परीक्षेला बसलेला असतो. तहसीलदार व्हायला निघालेली मुलं प्रयोग, समास आणि अलंकार रात्र रात्र घोकतात, आणि लेखक व्हायला निघालेला "व्याकरण काय, प्रूफरीडर बघेल" म्हणून निवांत झोपतो. सरकारी पत्रं वाचताना जी भाषा दिसते, ती बघता ही मुलं परीक्षेनंतर ते सगळं कुठे ठेवतात हा संशोधनाचा विषय आहे.

अरुण फडके यांचं काम मात्र खरोखर लेखकाच्या उपयोगाचं. त्यांच्या 'मराठी लेखन-कोशा'त नुसता शब्द मिळत नाही, त्याचं सामान्यरूपही मिळतं. आपण अडतो ते तिथेच. 'वकील' लिहिता येतो, वकिलाला पैसे देताना चूक होते. 'सून' दीर्घ, हे पक्कं माहीत असतं; पण सुनेला काही द्यायचं म्हटलं, सुनेकडून काही घ्यायचं म्हटलं, की तिचा उकार लगेच ऱ्हस्व होतो. नियम करणाऱ्यांनी घरोघरी फिरून नियम केले असावेत अशी शंका येते. फडक्यांनीच 'शुद्धलेखन ठेवा खिशात' नावाची छोटी पुस्तिकाही काढली. खिशात मावेल एवढी आहे, आणि लेखकाच्या खिशाला दुसरं काही ओझं नसल्यामुळे ती तिथे सुखाने राहते. मी ती हॉटेलच्या पाट्या वाचताना वापरतो. 'शुध्द शाकाहारी' असं लिहिलेल्या ठिकाणी आधी ध आणि मग द येऊन बसलेला पाहिला, की जेवणावरचं मन उडतं. पण भूक लागलेली असते, म्हणून आत जातो.

आता मूळ व्यसनाकडे येऊ. दाते-कर्वे.

यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे या दोघांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात काढले, आणि राहिलेलं म्हणून पुरवणी विभाग १९५० साली. शिवाय मधल्या काळात वाक्प्रचारांचा वेगळा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश'. लेखकाने यांच्यापासून सांभाळून राहावं. ही तक्रार नाही, इशारा आहे. इशारा का, तर समजा तुम्ही दिवाळी अंकासाठी कथा लिहिताय. पावसाळी संध्याकाळ, बसस्टॉप, छत्री एकच. नायकाने नायिकेचा हात हातात घ्यायचा आहे. 'हात हातात घेतला' हे फारच सपक वाटतं. काहीतरी खास हवं. म्हणून तुम्ही वाक्संप्रदाय कोश उघडून 'हात' काढता.

मराठी माणसाने आपल्या अवयवांवर जेवढी मेहनत घेतलीय तेवढी व्यायामशाळेतही घेतली नसेल. हात टेकणे, हात झटकणे, हात आखडणे, हात मारणे, हात ओले करणे, हात दाखवून अवलक्षण करणे, हातावर तुरी देणे, हातापाया पडणे. तुम्ही एकेक पारखून बघता. नायकाने हात आखडला तर कथा तिथेच संपते. त्याने हात मारला तर पोलीस येतात. हात ओले केले म्हणावं तर तो प्रेमिक न वाटता कंत्राटदार वाटायला लागतो. तेवढ्यात बाजूच्या पानावर 'हाय' दिसते, 'हाय खाणे' दिसते, आणि मग सहज तोंड, पोट, डोळे, नाक असं एकेक करत तुम्ही सगळं शरीर तपासून काढता. 'तोंडाला पाने पुसणे' यापाशी जरा थांबता. कोणी, कोणाच्या, आणि कसली पानं, याचा विचार करता. दिवेलागण होते. बसस्टॉपवर नायक अजून हात पुढे करून उभा आहे, दोन बस गेल्या, आणि नायिकेने छत्री मिटून रिक्षा केलेली आहे.

'हात हातात घेतला' हेच शेवटी छापून येतं. बरं असतं ते.

दाते-कर्व्यांची दुसरी करामत कंसातली आहे. शब्द कुठल्या मुलखात बोलला जातो ते त्यांनी एकेका अक्षरात नोंदवलंय. 'व.' म्हणजे वऱ्हाडी, 'गो.' म्हणजे गोमंतकी, 'ना.' म्हणजे नागपुरी. अभ्यासकाला हे सोनं आहे. पण हेच कंस सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर ग्रामीण कथा लिहिणाऱ्याच्या हाती लागले, की त्याच्या कथेतला म्हातारा सकाळी वऱ्हाडीत उठतो, न्याहारीला कोकणीत बसतो आणि संध्याकाळी गोमंतकीत मुलाला शिव्या घालतो. बांधावरचं भांडण तर दोन भावांचं न वाटता दोन विद्यापीठांतलं वाटतं. अशी एक कथा मी वाचली आहे. तिला तळटीपा होत्या. लेखकाला म्हाताऱ्याच्या संवादाला तळटीप द्यावी लागणं म्हणजे सून सासऱ्याचं बोलणं दुभाष्याकरवी ऐकते असं समजायचं.

पर्यायी शब्दांच्या कोशाने होणारं नुकसान याहून मोठं आहे, पण त्यात मजा कमी. पाण्याला उदक, जल, नीर, तोय, सलिल हे शब्द आहेत, अमरकोशापासून आहेत, आणि ते तिथे सुखी आहेत. त्यांना "ग्लासभर सलिल आणतेस का?" अशा वाक्यात ओढून आणू नये. पाणी परत परत आलं तर येऊ द्यावं. नळालाही तसंच यावं अशी इच्छा करावी.

मोल्सवर्थचं मात्र मला कौतुक आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. त्याने आणि कँडी बंधूंनी शास्त्रीपंडितांना बरोबर घेऊन मराठी-इंग्रजी कोश रचला, तो १८३१ साली निघाला. दुसरी आवृत्ती १८५७ सालची, साठ हजारांच्या आसपास शब्दांची. देशाच्या दुसऱ्या टोकाला कंपनीचं राज्य डळमळत होतं आणि इकडे हा मनुष्य मराठी शब्दांचे खिळे जुळवून घेत होता. लोकांनी त्याला 'मोलेसरशास्त्री' करून टाकलं. आपल्याकडे एखाद्याची मुंज न होता त्याला शास्त्री म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे.

या कोशाची खरी श्रीमंती आवाजांत आहे. खटखट, खडखड, खणखण, खळखळ, खुळखुळ: प्रत्येकाला वेगळी नोंद, वेगळा अर्थ. दाराचा आवाज कोणता, भांड्याचा कोणता, पाण्याचा कोणता, हे त्या साहेबाने कान देऊन ऐकलेलं दिसतं. आणि मग कुरकुर, किरकिर, कटकट, पिरपिर, भुणभुण. परक्या माणसाने मराठी माणसांच्या सहवासात वर्षानुवर्षं काढली तर त्याच्या कानावर काय काय पडलं असेल, याचा याहून चांगला पुरावा नाही. मला तर ही नोंदींची यादी आत्मचरित्र म्हणूनही वाचता येते.

गंमत अशी, की मराठी शब्दाचा अर्थ मराठी माणूस आजही मोल्सवर्थमध्ये, म्हणजे इंग्रजीत बघतो, आणि मग त्या इंग्रजी शब्दासाठी दुसरा कोश उघडून परत मराठीत येतो. ही प्रदक्षिणा करायला आता घराबाहेरही पडावं लागत नाही. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही संगणकावर ठेवले आहेत. सोय झाली. पण संगणकात शब्द टाकला की तोच शब्द येतो, शेजारचा येत नाही. 'खुंटी' शोधायला गेलेल्या माणसाला वाटेत 'खुळखुळा' भेटला नाही तर त्याने कोश बघितला असं मी म्हणणार नाही.

लेखनाचं तंत्र शिकवणारी पुस्तकंही आपल्याकडे आहेत, आणि चांगली मोठ्या माणसांनी लिहिलेली आहेत. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहिलं. प्रतिभेलाही साधना लागते, कथेला सुरुवात-मध्य-शेवट लागतो, हे त्यांनी इतकं नीटनेटकं मांडलं, की पुढच्या पिढ्यांना लिहायला नाही तरी भांडायला हक्काचा विषय मिळाला. कवींसाठी माधव जूलियन यांची 'छंदोरचना' आहे. तिच्यावर मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ साली डी.लिट. दिली. ती वाचून माणूस मात्रा इतक्या बिनचूक मोजायला लागतो, की बायकोने "भाजी आणलीत का" विचारलं तरी आधी बोटं हलतात. आणि सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' ही तर लहानशी पुस्तिका. ती इतकी सोपी आहे की वाचल्यावर आपल्यालाही येईल असं वाटतं, आणि महाराष्ट्रात जे काही पुढे झालं ते त्यातून झालं.

गझल लिहिणाऱ्याची एक अडचण मात्र कोणत्याही कोशकाराने सोडवलेली नाही. सगळे कोश शब्द डोक्याकडून लावतात; कवीला ते शेपटीकडून हवे असतात. रदीफ ठरलेला असतो, काफिया, म्हणजे यमक, मिळत नसतो, आणि 'आवा'ने संपणारे शब्द हवे असतील तर सातही खंड पानापानाने उलटण्यावाचून मार्ग नाही. गावा, दावा, पावा, यावा, सांगावा. आमच्या ओळखीचे एक गझलकार त्यासाठी रात्री जागतात. 'गिलावा' मिळाला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. गझलेत गिलाव्याचं काय काम, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

ही झाली दिखाऊ कपाटाची गोष्ट. चालू लेखकाचा खरा संदर्भग्रंथ वेगळाच असतो आणि तो हॉलमध्ये नसतो. पात्रांना नावं देण्यासाठी त्याच्याकडे फुटपाथवर मिळणारी बाळांच्या नावांची पुस्तिका असते. ती घेताना पन्नाशीच्या लेखकाकडे विक्रेता ज्या नजरेने बघतो, ती सहन करण्याची तयारी पाहिजे. आडनावांसाठी पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी होती. तिच्याइतका विश्वासू सामाजिक दस्तऐवज मराठीत झाला नाही. ती बंद पडल्यापासून मराठी कथेत नुसते देशमुख, सरनाईक आणि इनामदार उरले आहेत. प्रवासासाठी एसटीचं वेळापत्रक. नाहीतर नायक रात्री अकराला अशा गावी उतरतो जिथली शेवटची गाडी साडेसहाला गेलेली असते.

आणि सगळ्यांत गरजेचं म्हणजे पंचांग. मराठी कादंबरीत चंद्र हवा तेव्हा उगवतो. मंगळवारी पौर्णिमा, त्याच आठवड्याच्या शनिवारी पुन्हा टिपूर चांदणं, आणि मध्ये एका रात्री खलनायकासाठी मिट्ट काळोख. दाते पंचांग नको, निदान भिंतीवरचं 'कालनिर्णय' तरी बघावं. त्याच्या मागच्या पानावर शंकरपाळ्याची कृतीही मिळते. कथा नाही जमली तर ती करता येते.

ऐतिहासिक कादंबरीकारांना तर यातून सुटका नाही. शकाचं इसवी सन करायला अठ्ठ्याहत्तर मिळवले की काम भागलं, असं समजणाऱ्यांची गाठ चैत्राआधीच्या महिन्यांशी पडते आणि नायकाचं लग्न त्याच्या जन्माआधी लागतं. त्यासाठी खऱ्यांची जंत्री आहे, मोडकांची आहे. आणि स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी मराठी विश्वकोश बघावा. गडावरच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी शिजवणारे लेखक मला भेटले आहेत. तो साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शिवाजीमहाराजांच्या मुदपाकखान्यात त्याला प्रवेश देण्याआधी लेखकाने एखादं पान उलटायला हवं होतं. पण कोशांत फक्त अवघड शब्द बघायचे असतात, अशी आपली समजूत. साबुदाणा कोण बघणार?

एकीकडे आपण दीड पानात दमतो, आणि दुसरीकडे हे कोश करणारे लोक बघा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' काढला. एकूण तेवीस खंड. त्यांतले पहिले पाच प्रस्तावनेचे. हल्ली ज्येष्ठांकडे प्रस्तावना मागितली की त्या चाळीस पानी देतात म्हणून नवे कवी कुरकुरतात, त्यांनी याचा विचार करावा. पहिला खंड १९२० सालचा, आणि दहा वर्षांच्या आत तेवीसही पुरे. आणि एवढं करणाऱ्या माणसाने निजावं की नाही? केतकर कादंबऱ्या लिहायला बसले. दाते आणि कर्वे हेही आधी या ज्ञानकोशाच्याच कामात तयार झालेले. 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड सिद्ध करणारे पंडित महादेवशास्त्री जोशी गोव्यातले, आणि मुळात कथाकार. म्हणजे लेखकांनी कोश केले आणि कोशकारांनी कादंबऱ्या केल्या. न लिहिणारे काय ते आपण, मधल्यामध्ये.

विश्वकोशाचं काम वाईला सुरू झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली, विसावा २०१५ साली. ज्या थोरांची नावं 'ह' आणि 'ज्ञ' यांनी सुरू होतात, त्यांना तोवर थोर राहण्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ साली हाती घेतलं. कोटीच्या घरातल्या चिठ्ठ्या जमवल्या, पहिला खंड १९७६ साली आला, आजवर तिसाहून जास्त भाग निघाले, आणि गाडी अजून 'अ' या अक्षरावर आहे. प्रकाशकाने दोनदा फोन केला म्हणून मला रक्तदाब होतो. तिथली माणसं अठ्ठेचाळीस सालापासून 'अ' लिहितायत आणि प्रकृतीने उत्तम आहेत.

तेव्हा नव्या लेखकाने काय घ्यावं? विचारलंच आहे म्हणून सांगतो, नसलं विचारलं तरी सांगणार होतो. एकच पुस्तक परवडत असेल तर अरुण फडक्यांचा लेखन-कोश घ्या; तुमच्यावर आणि प्रूफरीडरवर दोघांवरही उपकार होतील. दुसऱ्याचे पैसे जमले की मोल्सवर्थ. शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली काढलेली प्रत जुन्या बाजारात मिळाली तर घासाघीस न करता उचला. दाते-कर्वे ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातच वाचावे. तिथे ते घरी न्यायला मनाई असते, आणि ग्रंथालय ठरलेल्या वेळी बंद होतं, या दोन्ही गोष्टी तुमच्या हिताच्या आहेत. घरी असतीलच तर कोणाला उसने देऊ नका. कादंबरी गेली तर दुसरी मिळते. सात विभागांतला चौथा गेला तर उरलेल्या सहांना विचारत नाही कोणी.

आणि दिवाळी अंकांची मुदत ऑगस्टच्या सुमारास संपते. जुलै लागला की कपाटाला कुलूप लावून किल्ली घरच्यांकडे द्या, आणि लेख टपालात पडल्याशिवाय मागू नका.